कालची राहिलेली सुई

"लाल है," छोटे डॉक्टर म्हणाले आणि काचेची नळी खिडकीच्या उजेडात धरली. "एकदम लाल. देखिए, जिजी."

जिजीने पाहिली. मीही पाहिली. नळीतलं पाणी विटेच्या रंगाचं झालं होतं. मागे पलंगावर गेंदाबाई डोळे मिटून पडली होती. हाक मारली तर ओ देत नव्हती. चिमटा घेतला तर नुसती कण्हत होती. तिची सासू पायथ्याशी पलंगाची दांडी धरून उभी होती आणि "म्हारी बऊ, म्हारी बऊ" एवढंच बोलत होती.

"शुगर चढ़ गई है," डॉक्टर म्हणाले. "कल इन्सुलिन नहीं लिया, उसका नतीजा. जिजी, बड़ा डोस भरिए. फ़ौरन."

जिजी सुई भरायला वळली. मी तिच्याकडे बघत राहिले. कारण गेंदाबाईच्या अंगात त्या सकाळी किती इन्सुलिन गेलं होतं, ते वॉर्डात दोघींनाच माहीत होतं. एक जिजी, एक मी. आणि जिजी बोलत नव्हती.

मी नर्स होते. शिक्षण मराठी चौथी. तेव्हा तेवढ्यावर घ्यायचे, बाकीचं वॉर्डात शिकवायचे. इंदुरातलं ते इस्पितळ कोणतं ते सांगत नाही, आता त्याचा काही उपयोग नाही. होळकरांचं राज्य जाऊन मध्य भारत झालं होतं. निम्मं वर्ष राजधानी इंदुरात, निम्मं वर्ष ग्वाल्हेरला. फायली इकडून तिकडे जायच्या आणि माणसंही. आमची मेट्रन ग्वाल्हेरची आली होती. मेट्रन म्हणजे सगळ्या नर्सांची वरिष्ठ. तीही मराठी, आम्हीही मराठी, पण ती शिंद्यांकडची आणि आम्ही होळकरांकडचे. माझे वडील होळकरांच्या फौजेत होते. आमच्या घरी ग्वाल्हेरचं नाव काढलं की ते पान थुंकायला उठायचे.

जिजीचं खरं नाव सुभद्राबाई. बायकांच्या वॉर्डाची ती सर्वांत जुनी नर्स. मला नोकरीला तिने लावलं. सुई उकळायची कशी, धरायची कशी, टोचताना पेशंटशी काय बोलायचं, सगळं तिने शिकवलं. डॉक्टर नवे यायचे आणि जायचे, जिजी तिथेच. पण राज्य बदललं तेव्हा जुन्या सगळ्या नोकरांना पुन्हा पक्कं करायचं ठरलं होतं. जिजीचं नाव अजून पक्कं व्हायचं होतं. वरून एक वाईट शेरा आला असता तर इतक्या वर्षांची नोकरी तिथेच संपली असती. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता सुईचं सांगते.

गेंदाबाई इंदुराजवळच्या बेटमा गावची. वय तिशीच्या आतबाहेर. तिला मधुमेह होता. या रोगात रक्तातली साखर वाढते, आणि इन्सुलिन ती खाली आणतं. सकाळी एक सुई, संध्याकाळी एक सुई, आणि सुईनंतर जेवायचंच, असा नियम. सुई घेऊन जेवलं नाही तर साखर फार खाली जाते.

आदल्या दिवशी हरतालिका होती. माळव्यात तिला तीज म्हणतात. वॉर्डातल्या निम्म्या बायकांचा निर्जळी उपास. पाणी नाही, मग दवा कुठली. गेंदाबाईने हात पुढे केलाच नाही. "सुई से बरत टूटे," म्हणाली. ती जेवणारही नव्हती, तेव्हा सुई नाही दिली ते चुकलं नाही. फक्त डॉक्टरांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? मेट्रनचा हुकूम होता. व्रतवैकल्यासाठी कोणाचाही डोस चुकता कामा नये, चुकला तर त्या वॉर्डाच्या नर्सने जाब द्यायचा. इन्सुलिन तेव्हा मोठ्या मुश्किलीने मिळायचं. मेट्रनबाई रोज राउंडला आल्या की इन्सुलिनची शीशी कपाटातून काढायला लावायच्या आणि उजेडात धरून किती उरलंय ते बघायच्या. शीशी जास्त भरलेली दिसली की डोस चुकला हे त्यांना कळायचं. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी उपासाला दवा राहिली तर राहिली.

हरतालिकेच्या संध्याकाळी मेट्रनबाईंनी विचारलं, "सगळ्यांना दिलं?" जिजी म्हणाली, "दिलं."

आता शीशी तेवढी खाली यायला हवी होती. दुसरी कोणी असती तर तिने मोरीत सुई रिकामी केली असती. जिजीने आयुष्यात दवेचा थेंब फेकला नव्हता. इन्सुलिन मिळालं नाही म्हणून मेलेली माणसं तिने पाहिली होती. शिवाय तिचा एक हिशोब होता. तिचा रोजचा जप असायचा. एखाद्या दिवशी ड्यूटीमुळे माळ राहिली तर दुसऱ्या दिवशी ती दोन माळा ओढायची. राहिलेलं भरून काढायचं. दवेलाही तिने तोच नियम लावला होता. खोकल्याच्या औषधाला आणि ताकदीच्या औषधाला तो चालून गेला. कोणाला काही झालं नाही. म्हणून तिचा विश्वास बसला आणि आमच्यातल्या पुष्कळ पोरी तिचं बघून तेच करू लागल्या.

चतुर्थीच्या सकाळी उजाडताच जिजीने गेंदाबाईला सुई दिली. मी स्पिरिटचा बोळा घेऊन शेजारी उभी होते. सुई रोजच्यापेक्षा बरीच भरलेली दिसली.

"जिजी, इतकी?" मी विचारलं.

"कालच्या दोन्ही आणि आजची. भरून काढतेय." ती गेंदाबाईला म्हणाली, "ले बाई, तेरा बरत भी रहा, दवा भी पूरी हुई."

गेंदाबाई हसली. सासू वाकून जिजीच्या पाया पडली. मग सासूने थुली आणली. थुली म्हणजे गव्हाच्या दलियाची लापशी. आदला दिवसभर पोटात पाणीही नव्हतं, त्यामुळे गेंदाबाईला ती जाईना. दोन घास खाल्ले आणि वाटी सरकवली. "बाद में खाऊँगी," म्हणाली. नंतर तिला घाम आला, हात थरथरू लागले, काहीबाही बडबडली आणि मग बोलणं बंद. सासूला वाटलं, रात्रभर जागरण केलंय, झोप लागली. आम्ही दुसऱ्या पेशंटांकडे होतो. डॉक्टर राउंडला आले तेव्हा हे उघडकीला आलं.

आता डॉक्टरांची बाजूही सांगितली पाहिजे. ते मूर्ख नव्हते. रक्तातली साखर तपासायची तर तेव्हा दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागायचं. वॉर्डात आम्ही लघवी तपासायचो. नळीत निळं पाणी घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. लाल झालं तर भरपूर. नळी लाल झाली होती. सासूने सांगितलं होतं की काल सुई घेतली नाही. साखर फार वाढली की माणूस बेशुद्ध पडतो. सगळं जुळत होतं.

फक्त साखर फार उतरली तरीही माणूस बेशुद्धच पडतो. आणि नळीतली लघवी रात्रभर साठलेली होती. ती कालची हकिगत सांगत होती, आत्ताची नाही. हे मला डॉक्टरांनी नंतर समजावलं. तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं. साखर वर आहे की खाली, मी सांगू शकले नसते. सकाळी अंगात काय गेलं ते डॉक्टरांना माहीत नाही, एवढंच मला कळत होतं.

मी जिजीच्या मागे सुया उकळायच्या खोलीत गेले. ती शीशीत सुई खुपसून इन्सुलिन ओढत होती.

"जिजी, सकाळचं सांगा त्यांना."

"काय सांगू?"

"तिन्ही एकदम दिल्या ते."

"त्याने काय होणार आहे? बघतेस ना, भरून दिली तरी पुरली नाही. अजून हवी आहे." ती खरंच तसं समजत होती. तिच्या डोळ्यात लबाडी नव्हती, घाई होती.

"तरी सांगा. ते ठरवतील."

"आणि मेट्रनला कोण तोंड देणार? काल मी तिला दिली म्हणून सांगितलंय. आज तिन्ही एकदम दिल्या म्हणू? चंद्रा, माझा कागद वर गेलेला आहे. तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"मग ट्रे उचल."

मी ट्रे उचलला नाही. जिजीने तो स्वतः उचलला आणि माझ्या खांद्याला धक्का देत बाहेर गेली.

डॉक्टरांनी गेंदाबाईचा दंड स्पिरिटने पुसला होता. त्यांनी ट्रेमधून सुई घेतली, वर धरून हवा काढली.

"डॉक्टर साब, ती सुई देऊ नका," मी म्हणाले.

डॉक्टर उत्तरेकडचे, पण इंदुरात शिकलेले. मराठी त्यांना समजायची. ते थांबले. "क्यों?"

"हिला सकाळी इन्सुलिन दिलंय. कालची सकाळची, कालची संध्याकाळची आणि आजची. सगळं एकदम."

शेजारच्या पलंगावरची म्हातारी उठून बसली.

"चंद्रा!" जिजी म्हणाली.

डॉक्टर तिच्याकडे वळले. "जिजी, ये सच है?"

"आजची दिली. रोजची देतो तीच," जिजी म्हणाली. "पोर घाबरलीय साब. असा पेशंट पहिल्यांदा बघतेय."

असा पेशंट मी पहिल्यांदाच बघत होते, ते खरंच होतं. डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सोच के बोल रही हो? तुम्हारे कहने से सुई रोक दूँ और इसको कुछ हो गया, तो?"

"तर माझं नाव सांगा."

"तुम्हारा नाम लेके मैं क्या करूँगा?" ते ओरडले. "मरीज़ मेरा मरेगा!"

तेवढ्यात सासू मध्ये पडली. हात जोडून म्हणाली, "साब, जिजी तो देवी है. जिजी ने म्हारी बऊ को बरत राख्यो. इ छोरी झूठ बोले."

आता तिघं एका बाजूला आणि मी एका बाजूला. डॉक्टरांच्या हातात सुई तशीच होती. त्यांनी जिजीला सांगितलं, "हाथ पकड़िए." जिजीने गेंदाबाईचा हात धरला.

मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूने गेले आणि गेंदाबाईच्या दंडावर माझा पंजा ठेवला. जिथे टोचणार होते तिथेच. दुसरं काही सुचलं नाही.

"हटो," डॉक्टर म्हणाले.

"नाही."

"नौकरी जाएगी तुम्हारी."

"जाऊ द्या. मी तिथे उभी होते साब. बोळा माझ्या हातात होता."

डॉक्टरांनी मला बाजूला करायला हात पुढे केला, तेव्हा तो गेंदाबाईच्या मानेला लागला. त्यांनी हात मागे घेऊन बोटं पाहिली. ओली होती. मग त्यांनी तिचं कपाळ पाहिलं, पाठीखाली हात घातला. चादर भिजलेली होती. त्यांनी पुन्हा नाडी धरली आणि तिच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घेतला. मी हे सगळं पाहत होते आणि मला काही अर्थ लागत नव्हता. नंतर कळलं की साखर चढलेल्या माणसाचं अंग कोरडं पडतं आणि श्वासाला वास येतो. घाईत आणि लाल नळीच्या भरवशावर त्यांनी ते आधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी जिजीला पुन्हा विचारलं. यावेळी हळू. "जिजी, एक बार और पूछता हूँ."

जिजी खाली बघत होती. तिने हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. तिने गेंदाबाईचा हात सोडला.

"ग्लुकोज लाओ," डॉक्टर म्हणाले.

ग्लुकोज म्हणजे साखरेचं पाणी, शिरेत द्यायचं. साखर चढलेली असेल तर त्याने लगेच फार बिघडत नाही. उतरलेली असेल तर त्यानेच माणूस वाचतो. इन्सुलिन मात्र एकदा आत गेलं की बाहेर काढता येत नाही. म्हणून शंका असली की आधी ग्लुकोज.

पण ग्लुकोज डिस्पेन्सरीच्या कपाटात, आणि कंपाउंडर गणपती बसवायला घरी गेलेला. बाहेरच्या चपराशाला विचारलं तर तो म्हणाला, "भिया तो आज आएगा नी. चाबी मेट्रनबाई के पास." इंदुरात भैयाला भिया म्हणतात. मी पळाले. नर्सने इस्पितळात पळायचं नसतं, पेशंट घाबरतात. त्या दिवशी पळाले.

मेट्रनबाई ऑफिसात सणाच्या दिवसाच्या ड्यूट्या लावत होत्या. लाल काठाचं नवं लुगडं नेसल्या होत्या.

"डिस्पेन्सरीची चाबी द्या. ग्लुकोज हवंय."

"कोणासाठी?"

"खिडकीजवळची गेंदाबाई. बेशुद्ध आहे."

"मधुमेहवाली? तिला ग्लुकोज? डोकं फिरलंय का कोणाचं?"

"डॉक्टरांनी मागितलंय. चालता चालता विचारा, पण चाबी द्या."

असं त्यांच्याशी कोणी बोलत नसे. त्या उठल्या. चाबी माझ्या हातात दिली नाही, स्वतः घेऊन चालू लागल्या. चालायच्या मात्र भरभर.

गेंदाबाईच्या शिरा सापडेनात. दिवसभर पाणी नाही म्हणजे शिरा बसतात. पहिली फुटली. डॉक्टरांच्या कपाळावर आता तिच्याइतकाच घाम होता. दुसऱ्या हाताला मी रबराची नळी बांधली आणि जिजीने, कोणी न सांगता, बोटाने चाचपून शीर शोधली. "इथे घ्या, साब." तिथे मिळाली. जिजीचा हात तसा कसबीच होता, त्याबद्दल मी कधी वेगळं बोलले नाही.

मोठी काचेची सिरिंज हळूहळू रिकामी होत गेली. मेट्रनबाई पलंगाच्या डोक्याशी उभ्या होत्या. सासू जमिनीवर बसली होती. सिरिंज संपता संपता गेंदाबाईने पाय ओढून घेतला. मग डोळे उघडले. आमच्याकडे रागाने पाहिलं, इतके लोक भोवती कशाला जमलेत म्हणून. सासूला म्हणाली, "माँजी, पाणी."

सासू हंबरडा फोडून रडली. गेंदाबाईला कळेना की काय झालं.

डॉक्टरांनी ट्रेमधली इन्सुलिनची सुई उचलली. तशीच भरलेली होती. ती त्यांनी स्वतः तसराळ्यात रिकामी केली.

"काय झालं होतं?" मेट्रनबाईंनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "उपवास. पेट खाली था, इन्सुलिन ज़्यादा हो गया. शुगर गिर गई. अब ठीक है."

यात खोटं एकही अक्षर नव्हतं. पण ऐकणाऱ्याला वाटावं की उपासानेच झालं.

"म्हणून मी सांगत असते, दवाखान्यात व्रतं नकोत," मेट्रनबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. "देखो, तुमने ठीक किया. लेकिन अब बात यहीं रहने दो. जिजी से मैं कह दूँगा. उनका कन्फर्मेशन अटका हुआ है. और..."

"आणि तुमचंही आहे," मी म्हणाले. ते आणखी एक सुई देणार होते ते वर कळलं तर त्यांनाही जाब द्यावा लागला असता.

"हाँ. मेरा भी है," ते म्हणाले. माणूस सरळ होता.

माझंही मन तसंच झालं होतं. पेशंट वाचली होती. गप्प बसले असते तर कोणाचं काही गेलं नसतं, असं वाटलं. मी सुया उकळायच्या खोलीत गेले. जिजी तिथे पाठ करून उभी होती.

"सगळ्यांसमोर मला खोटी पाडलीस."

"तुम्ही बोलला असता तर मला बोलावं लागलं नसतं."

"वाचली ना ती? झालं आता."

"उद्या ऋषिपंचमी आहे, जिजी."

"मग?"

"म्हाताऱ्या बायका उद्या दवाखान्याचं काही तोंडात घेणार नाहीत. आणि परवा सकाळी सगळ्या वॉर्डातल्या पोरी भरून काढतील. तुमच्याकडूनच शिकल्यात."

"मी सांगेन त्यांना."

"काय सांगाल? आज काय झालं ते सांगाल?"

तिने उकळत्या भांड्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे तू ग्वाल्हेरवालीकडे जाणार."

"मेट्रनकडे."

"तेच ते. आपल्या माणसाला धरून तिच्या हातात देणार. ती वाटच बघतेय. तुझ्या बापाला विचार, काय म्हणतो ते."

वडिलांना मी विचारलं नाही. त्यांना इन्सुलिनमधलं काय कळणार होतं?

दुपारी मी मेट्रनबाईंच्या ऑफिसात गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मी काय पाहिलं, जिजी काय म्हणाली, डॉक्टर काय करणार होते. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाल्या, "पण जिजी मला काल म्हणाल्या, सगळ्यांना दिलं."

"खोटं सांगितलं."

"का?"

"तुम्ही शीशी उजेडात धरून बघता म्हणून."

त्यांचा चेहरा ताठ झाला. "म्हणजे चूक माझी?"

"जिजीची. आणि तुमचीही. दवा राहिली तर ओरडा खायचा, हे कळल्यावर कोण सांगेल की राहिली? मग ती कुठेतरी घालावी लागते. काही जणी मोरीत घालतात. जिजीने अंगात घातली."

"शिक्षण किती तुझं?"

"मराठी चौथी."

"चौथीत एवढं बोलायला शिकवतात?"

"बोलायलाच शिकवतात. पुढचं सगळं इंग्रजीत असतं."

त्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. मला वाटलं होतं की त्या कागद काढून लिहायला बसतील. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चल."

आम्ही एकेका वॉर्डात गेलो. प्रत्येक ठिकाणी त्यांनी नर्सांना गोळा केलं आणि विचारलं, "हरतालिकेला राहिलेला डोस आज कोणी भरून दिला? खरं सांगा. आज सांगितलं तर शिक्षा नाही." पहिल्या वॉर्डात कोणी बोललं नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि कसं बघत होत्या ते मला कळत होतं. पुढच्या वॉर्डात सावित्री नावाची एक नर्स रडायला लागली. तिच्याकडे झोपेच्या गोळ्या घेणारी एक म्हातारी होती. कालची गोळी आणि आजची गोळी ती रात्री एकदम देणार होती. गोळ्या वाटीत काढून ठेवलेल्या होत्या.

मेट्रनबाईंनी ती वाटी स्वतः उचलली.

संध्याकाळी नवा हुकूम निघाला. उपासाला कोणी दवा घेतली नाही तर नर्सने डॉक्टरांना सांगायचं. तिला कोणी जाब विचारणार नाही. राहिलेला डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचा नाही. शीशी उजेडात धरून बघणं बंद झालं. ते का बंद झालं हे हुकुमात नव्हतं, आणि मेट्रनबाईंनी मला त्याबद्दल कधी चांगलं म्हटलं नाही. वाईटही म्हटलं नाही.

जिजीला वॉर्डातून काढून चादरी आणि कपड्यांच्या खोलीत बसवलं. तिचं नाव पक्कं झालं नाही. मेट्रनने वर काय कळवलं ते मला ठाऊक नाही. छोट्या डॉक्टरांना नुसती समज मिळाली. ते डॉक्टर होते, ती नर्स होती. यात नवीन काही नाही. थोड्या दिवसांनी जिजी स्वतःच नोकरी सोडून पुतण्याकडे राहायला गेली. जायच्या दिवशी कपड्यांच्या खोलीची चाबी द्यायला वॉर्डात आली तेव्हा मी एकटीच होते.

"सुई धरायला तुला मी शिकवलं," ती म्हणाली.

"हो."

"दुसरं काही शिकवलं नाही मी. ते तू कुठून शिकलीस कोण जाणे."

चाबी टेबलावर ठेवून ती गेली. त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. ती वारली तेव्हा मी तिच्या पुतण्याच्या घरी गेले. कोणी बस म्हटलं नाही. थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले.

वॉर्डातल्या बाकीच्या नर्सा पुष्कळ दिवस माझ्याबरोबर चहा पीत नसत. मी आले की कोणीतरी म्हणे, "सांभाळा भिया, ग्वाल्हेर आलं." पुढे मेट्रनची बदली झाली, नव्या पोरी आल्या, आणि ते आपोआप थांबलं.

गेंदाबाई गणपतीतच बेटम्याला परत गेली. सासूने जाताना जिजीसाठी गूळ आणि शेंगदाणे ठेवले. माझ्यासाठी काही नाही. तिच्या लेखी मी तिच्या सुनेला सुई देऊ न देणारी पोर होते. मी तिला समजावत बसले नाही. छोटे डॉक्टर मात्र पुढे कुठलंही इन्सुलिन द्यायच्या आधी मला विचारायचे, "अब तक कितना गया है?" एवढं त्यांनी घेतलं.

नंतर मी स्वतः पोरींना शिकवायला लागले, तेव्हा त्या विचारायच्या की बाई, एखादीचा रिपोर्ट करायचा असेल आणि ती आपली ओळखीची असेल तर काय करायचं. मी सांगायचे, ओळखीच्याच बाईचा करावा लागतो. अनोळखी बाई आपल्याबरोबर ड्यूटीला नसते.